ताशी बारा

करंजटेक नावाच्या टेकडीवरच्या गावात एक भोळा दूधवाला होता. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती कामापुरती भोळी असायची. सोपान बारा महिने भोळा होता. सांगाल तेवढं करायचा. त्याहून काडीभर जास्त नाही आणि काडीभर कमी नाही.

एकदा काशीकाकू त्याला म्हणाल्या, "सोपाना, थांब रे जरा, आलेच." आणि आत जाऊन मिरच्या निवडायला बसल्या. दुपारी खरकटं टाकायला बाहेर आल्या तर सोपान दारात उभा.

"अगं बाई! तू अजून इथंच?"

"थांब म्हणालात ना, काकू."

"मग जा की आता!"

"हां, आता कसं. जातो."

"जातो म्हणू नये मेल्या. येतो म्हणावं."

"येतो," म्हणाला सोपान. चार पावलं गेला आणि परत आला. "आलो, काकू. काय काम होतं?"

अशा माणसाची बायको मंजुळा. मंजुळा बारावी सायन्स होती. फिजिक्सला तिला बेचाळीस मार्क होते. करंजटेकात त्या विषयाचे मार्क दुसऱ्या कुणालाच नव्हते, त्यामुळे बेचाळीस हेच गावातले सगळ्यांत जास्त. लग्नाआधी तिला लोकांनी सांगितलं होतं, "मुलगा सांगशील ते ऐकेल हो." ते खोटं नव्हतं.

त्यांना आठ महिन्यांची मुलगी होती. नाव इंदुमती, पण हाक गुंडी. गुंडी नुकतीच रांगायला लागली होती, पण मागं मागं. समोर खुळखुळा धरून "ये, ये" म्हटलं की ती खुळखुळ्याकडे बघायची, हसायची आणि उलटी रांगत कोपऱ्यातल्या सुपात जाऊन बसायची. मंजुळाच्या मनात यायचं, बापावर गेली की काय? मग तिला वाटायचं, असा विचार करणारी आई तरी कुठली धड! मग ती गुंडीला सुपातून काढायची आणि पुन्हा खुळखुळा धरायची.

सोपानचं काम असं. सकाळी चौदा घरांचं दूध दोन किटल्यांत घ्यायचं, किटल्या सायकलला अडकवायच्या आणि सहा किलोमीटरवरच्या शिरसवाडीच्या दूध केंद्रावर पोचवायच्या. साडेसातला तिथून टँकर सुटायचा. टँकर कुणासाठी थांबत नसे. सोपान मात्र ज्यानं त्यानं थांब म्हटलं की थांबायचा. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस टँकर पुढं आणि दूध मागं.

एका मंगळवारी केंद्राचे चेअरमन दौलतराव स्वतः मोटारसायकलवरून वर आले.

"मंजुळा, तुला म्हणून सांगतो. पुढच्या सोमवारी जिल्ह्याहून साहेब येणार आहेत. तोवर तुझ्या नवऱ्याचं दूध वेळेवर आलं तर ठीक. नाहीतर करंजटेकची फेरी दुसऱ्याला."

"मग ह्यांनी काय करायचं, दादा?"

"त्याच्या मामाचं गुऱ्हाळ आहे ना तिकडं नदीकाठी? माणसं हवीत म्हणे तिथं."

मंजुळाच्या डोळ्यांपुढं गुऱ्हाळ आलं. गुऱ्हाळात उकळत्या रसाची ही एवढी मोठी काहील. तिच्या काठावर सोपान. आणि कुणीतरी त्याला म्हणतंय, "सोपाना, जरा आत बघ रे."

त्याच संध्याकाळी तिनं ट्रंकेतून फिजिक्सचं पुस्तक काढलं. पुस्तकाला कसर लागली होती, पण सूत्रं शाबूत होती.

"अहो, इकडं बसा. हे बघा. अंतर भागिले वेळ म्हणजे चाल."

"बरं."

"शिरसवाडी सहा किलोमीटर. तुम्ही पावणेसातला निघणार. चाल ठेवायची ताशी बारा. म्हणजे तासाला बारा किलोमीटर. काय?"

"तासाला बारा किलोमीटर," सोपान म्हणाला आणि त्यानं मान डोलावली.

सोपाननं मान डोलावली की मंजुळाला काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं वाटायचं. का ते तिला कधी सांगता आलं नसतं.

बुधवारी सोपान ठोक्याला निघाला. कुणी थांब म्हणू नये म्हणून मंजुळानं त्याच्या कानात कापूस घातला होता. नऊ वाजता दौलतरावांचा फोन आला. दूध नाही. दहाला सोपान परत आला. घामाघूम, पण खूश. किटल्यांतलं दूध नासून त्याचा चोथा झाला होता.

"अहो, केंद्रावर गेला नाहीत?"

"गेलो की. सव्वासातला केंद्रावर होतो. पुढं नांदखेडला गेलो."

"नांदखेडला? तिथं कशाला?"

"तासाला बारा म्हणालीस. सहाच झाले होते न् तास अर्धाच झाला होता. उरलेले सहा कुठं करू? पावणेआठला नांदखेडच्या वेशीत थांबलो. बारा म्हणजे बारा."

"पण दौलतरावांनी हाका नाही मारल्या?"

"मारल्या असतील. कानात कापूस होता ना."

चौदा घरांनी त्या दिवशी नासलेलं दूध गूळ घालून खाल्लं. मंजुळानं पुस्तक पुन्हा उघडलं. त्याचं काय चुकलं? तो तर सूत्राप्रमाणेच वागला. शिकवणारीनंच उदाहरण अर्धं सोडलं.

"चुकलं माझंच," ती म्हणाली. "अहो, तासाचं विसरा. वेळ बघायचीच नाही. अंतर बघायचं. सहा किलोमीटर झाले की थांबायचं."

"पण सहा झाले हे कळणार कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. मंजुळाला उगाच आशा वाटली. तिनं सायकलच्या चाकाचा घेर सुतळीनं मोजला. दोन मीटर भरला. मग चाकाच्या एका तारेला तिनं लाल चिंधी बांधली.

"ही चिंधी एकदा खाली आली की दोन मीटर. तीन हजार वेळा आली की सहा किलोमीटर. तीन हजार झाले की थांबा. आणि कानातला कापूस काढा."

सोपाननं मान डोलावली.

गुरुवारी दौलतरावांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. "मंजुळा, तुझा नवरा मला इथून दिसतोय!"

"मग चांगलंच आहे की, दादा."

"काय चांगलं? तो तिकडं चिंचेखाली उभा आहे. तिथून केंद्र नजरेच्या टप्प्यात आहे. अर्धा तास झाला, नुसता उभा आहे. मी हात केला, त्यानंही हात केला. टँकर त्याच्या समोरून गेला. त्या टँकरवाल्या रफीकभाईलाही त्यानं हात केला!"

सोपान घरी आला.

"अहो, केंद्र समोर दिसत होतं ना?"

"दिसत होतं की. आज पाटीला नवा रंग दिलाय."

"मग चार पावलं पुढं जायला काय झालं होतं?"

"तीन हजार झाले होते, मंजुळे."

मग मंजुळाच्या ध्यानात आलं. सोपाननं मोजायला सुरुवात अंगणातून केली होती. चौदा घरं फिरताना दोनशे फेरे गावातच संपले होते. सहा किलोमीटर त्यानं चोख भरले होते. फक्त ते केंद्राच्या अलीकडं भरले.

"चुकलं माझंच," मंजुळा म्हणाली. गुंडी मांडीवरून उतरून उलटी रांगत सुपाकडं निघाली होती. तिच्याकडं बघता बघता मंजुळाला पुढचा धडा आठवला. "नुसतं अंतर कामाचं नाही. दिशा हवी. चाल आणि दिशा मिळून वेग होतो. बघा आपली गुंडी. चाल आहे, पण दिशा उलटी. तुमचं केंद्र उगवतीला आहे. सूर्य समोर धरायचा आणि केंद्राच्या दारात पोचेपर्यंत दिशा सोडायची नाही. मोजायचं काही नाही."

"सूर्य समोर. दिशा सोडायची नाही."

आणि त्यानं मान डोलावली.

शुक्रवारी दूध केंद्रावर पोचलं. टँकर सुटायच्या आधी पोचलं! दौलतरावांचा फोन आला तेव्हा मंजुळानं देवापुढं साखर ठेवली होती.

"मंजुळा, दूध आलं."

"देव पावला, दादा."

"फॅट काढली. साडेतीन लागली."

"छानच की."

"आणि एक मासा लागला."

मंजुळानं साखरेची वाटी उचलून घेतली.

शिरसवाडीचा रस्ता टेकडीला वळसा घालत जातो. पुढं तलावालाही वळसा घालतो. सूर्य काही वळसा घालत नाही. सोपान अंगणातून सरळ निघाला तो पहिल्यांदा गणपत माळ्याच्या भुईमुगातून गेला. मग काशीकाकूंच्या घरात पुढच्या दारानं शिरला. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"अरे अरे, सायकल घेऊन कुठं घरात?"

"काकू, जरा पाय घ्या. दिशा आहे."

"कसली दिशा?"

"उगवतीची. तुमची चूल मधे आलीय."

काकूंनी परात उचलली. सोपान मागच्या दारानं बाहेर पडला. जाताना "येतो" म्हणायला विसरला नाही. त्यामुळे काकूंनी दिवसभर मागचं दार लावून ठेवलं. पुढं उतार, उताराखाली तलाव. उन्हाळ्यामुळं पाणी छातीएवढंच होतं. सोपाननं सायकल डोक्यावर घेतली, किटल्या पाण्यावर तरंगवत ओढल्या आणि पलीकडं निघाला. किटल्यांची झाकणं तेवढी सैल होती.

"रस्ता दिसला नाही तुम्हाला?" मंजुळानं विचारलं.

"दिसत होता. पण तो दक्षिणेला चालला होता."

"चुकलं माझंच." मंजुळानं गुंडीला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. हा माणूस उद्या पूर्व धरून चालला आणि मधे विहीर आली तर? "अहो, रस्त्यानंच जायचं. रस्ता कसाही वळू दे. शेवटी तुम्ही निघालात ती जागा आणि पोचलात ती जागा, ह्यांच्यातलं सरळ अंतर बदलत नाही. त्याला विस्थापन म्हणतात."

"विस्थापन," सोपान म्हणाला. शब्द त्याला आवडला.

इथं मंजुळानं थांबायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला एक ओळ जास्त सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. ती म्हणाली, "गंमत बघा हं. तुम्ही घरून निघून केंद्रावर गेलात आणि घरी परत आलात, तर दिवसाचं विस्थापन किती? शून्य!"

"एवढी सायकल मारून?"

"तरी शून्य."

सोपान बराच वेळ विचार करत बसला. हे लक्षण काही बरं नव्हतं. मग त्यानं मान डोलावली.

शनिवारी सकाळी त्यानं चौदा घरांचं दूध आणलं, उंबऱ्यात उभं राहून "येतो" म्हणाला आणि मंजुळा गुंडीला न्हाऊ घालायला मागच्या दारी गेली. गुंडीचं न्हाणं म्हणजे तासाभराचं काम. कानात पाणी गेलं का, डोक्याला वारा लागला का, सगळं दोन दोनदा बघावं लागे. आठ वाजता ती पुढं आली तर सोपान ओट्यावर बसलेला. शेजारी किटल्या. किटल्यांवर माश्या.

"आलात पण? लवकर आलात!"

"गेलोच न्हाई."

"काय?"

"काल तूच म्हणालीस. जाऊन आलो तर शून्य. बसून बघितलं. तरी शून्यच. मग उगाच टायर का झिजवू?"

मंजुळाला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं गुंडी घाबरली आणि मागं मागं जाऊन किटलीला टेकली.

"आणि काशीकाकू म्हणतातच की," सोपान तिला समजावत म्हणाला, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं. त्यांना विस्थापन आधीपासून ठाऊक होतं."

दुपारी दौलतरावांचा निरोप आला. दोनच शब्द होते. "सोमवार. गुऱ्हाळ."

मंजुळानं सोपानची पिशवी भरायला घेतली. दोन सदरे, टॉवेल. मग तिला पुन्हा ती काहील दिसली आणि तिनं सदरे बाहेर काढले. अजून दोन सकाळी होत्या. तिनं पुस्तकाचं शेवटचं पान काढलं.

"अहो, नीट ऐका. आता शून्याचं नाव काढायचं नाही. रस्त्यानं जायचं, केंद्रावर जायचं, दूध द्यायचं. पावणेसातला निघायला जमलं नाही आणि उशीर झाला, तर वेग वाढवायचा. त्याला त्वरण म्हणतात. एकदम नाही हं वाढवायचा, पडाल. दर सेकंदाला थोडा थोडा."

"दर सेकंदाला थोडा थोडा."

"पण उशीर झाला तरच!"

हे शेवटचं वाक्य मंजुळानं मोठ्यानं सांगितलं. तीनदा सांगितलं. आणि रविवारी पहाटे नेमकी गणपत माळ्याची म्हैस अडून बसली आणि दहा मिनिटं उशीर झाला.

सोपान निघाला. पहिल्या सेकंदाला थोडा वेग वाढवला. दुसऱ्या सेकंदाला थोडा वाढवला. गावाबाहेर उतार लागतो. उतारानंही आपल्याकडून थोडा थोडा वाढवला. वळणावर गणपत माळी म्हणे "अरे, थांब!" असं ओरडला. पण सोपानला फक्त "अरे" ऐकू आलं. बाकीचं मागं राहिलं. सात वाजून सतरा मिनिटांनी केंद्राच्या दारातून काहीतरी गेलं. दौलतरावांना वाटलं कुत्रं असेल. मग केंद्राच्या मागच्या उकिरड्यातून आवाज आला.

"आलो, दादा!"

सोपान उकिरड्यात छातीपर्यंत होता. किटल्या मात्र त्यानं दोन्ही हातांनी वर धरल्या होत्या. एक थेंब सांडला नव्हता. दौलतरावांनी झाकण काढलं. वर नारळाएवढा लोण्याचा गोळा, खाली ताक.

"सोपाना," दौलतराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे दूध केंद्र आहे रे."

घरी आल्यावर सोपान म्हणाला, "दर सेकंदाला वाढवायचा म्हणालीस. कुठल्या सेकंदाला थांबवायचा ते कुठं म्हणालीस?"

"चुकलं माझंच," मंजुळा म्हणाली. आता तिला ते म्हणायची सवयच झाली होती. उरली एक संध्याकाळ. पुस्तक तिनं बाजूला ठेवलं. सूत्रं पुरे. जे काय ते साध्या भाषेत सांगायचं, म्हणून तिनं सगळं बोटांवर मोजून घेतलं.

"पावणेसातला निघायचं. रस्त्यानं जायचं. ताशी बारा. केंद्र दिसलं की ब्रेक लावत हळूहळू वेग कमी करायचा. दारात थांबायचं. तिथून पुढं जायचं नाही, अलीकडं थांबायचं नाही. घरी बसायचं नाही. म्हणून दाखवा."

सोपाननं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

"आणि महत्त्वाचं. आज दुधाचं लोणी झालं. उद्या साहेब येणार. काही झालं तरी दूध हलता कामा नये."

"अजिबात?"

"अजिबात. थेंबसुद्धा."

सोपाननं मान डोलावली. मंजुळानं सगळी वाक्यं पुन्हा तपासली आणि त्यांत तिला काहीच खोट दिसली नाही.

सोमवारी दौलतराव आणि जिल्ह्याचे साहेब केंद्राच्या दारात उभे होते. सव्वासात वाजत आले होते. दूरवर रस्त्यावर सोपान दिसला. रस्त्यानंच येत होता. बेतानं येत होता. चिंचेपाशी त्यानं ब्रेक लावायला सुरुवात केली. वेग कमी झाला, आणखी कमी झाला आणि साहेबांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर सायकल थांबली. घड्याळात सव्वासात. दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"वा," साहेब म्हणाले. "दूध घ्या आत."

सगळ्यांनी सायकलकडं बघितलं. सायकल रिकामी होती.

"सोपाना," दौलतराव म्हणाले, "दूध कुठाय?"

"घरी."

"घरी?"

"एक थेंब हललेला नाही, साहेब. निघताना झाकणांवर पाटा ठेवून आलोय."

साहेबांनी रिकामी सायकल एकदा निरखून बघितली. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "असं न हललेलं दूध मला बघायचंय. चला." रफीकभाई टँकर घेऊन पहिल्यांदाच करंजटेकला चढला. पुढं साहेबांची जीप, मागं टँकर. सोपानलाही सायकलसकट जीपमधे घेतलं.

मंजुळा ओट्यावर होती. रिकाम्या सायकलीवरून नवरा गेल्याचं आणि दूध घरीच राहिल्याचं तिला सात वाजता कळलं होतं. तेव्हापासून ती पाटा ठेवलेल्या किटल्यांसमोर बसून होती. पिशवी भरून तयार होती. जीप बघून ती उठली. काहील, काहील, काहील, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

साहेबांनी पाटा काढला. दूध तपासलं. पुन्हा तपासलं. "दौलतराव, फॅट बघा. पाच! हे दूध सायकलवर आदळत आदळत का आणता तुम्ही? उद्यापासून टँकर इथं वर येऊ दे." मग त्यांनी चावडीसमोरच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. "सोपानराव, तुमचं काम तुमच्याकडंच. किटल्या सायकलला लावायच्या आणि तिथं उभं राहायचं. टँकर येईपर्यंत हलायचं नाही. जमेल?"

"टँकर येईपर्यंत हलायचं नाही," सोपान म्हणाला.

"हे जमलं तर गुऱ्हाळ नाही," दौलतराव म्हणाले. "नाही जमलं तर मात्र मी स्वतः नेऊन सोडतो."

त्या संध्याकाळी मंजुळानं धडा घेतला नाही. ती साहेबांचं वाक्य उलटंपालटं करून बघत बसली. माणूस उभा राहणार. उभ्या माणसाची चाल शून्य, वेग शून्य, त्वरण शून्य. शून्यात कोण काय चुकणार? आठवड्यात पहिल्यांदा ती निवांत झोपली.

मंगळवारी सकाळी सोपान चावडीसमोर उभा राहिला. शेजारी सायकल, सायकलला किटल्या. काशीकाकू म्हणाल्या, "सोपाना, जरा इकडं ये रे." सोपान हलला नाही. गणपत माळ्याची म्हैस येऊन त्याचा खांदा चाटून गेली. सोपान हलला नाही. मंजुळा गुंडीला कडेवर घेऊन ओट्यावरून बघत होती. तिचा ऊर भरून आला.

पावणेसातला टेकडीच्या वळणावर घरघर झाली. टँकर आला.

टँकर आला, तसा सोपान हलला.

त्यानं सायकलवर टांग टाकली, रफीकभाईला हात केला आणि शिरसवाडीच्या रस्त्याला लागला.

"अहो! कुठं निघालात?" मंजुळा ओरडली.

"टँकर आला की!" सोपान ओरडला. "येतो!"

रफीकभाईनं कसाबसा टँकर वळवला आणि त्याच्या मागं लागला. त्यानं काच खाली करून "थांब" एवढा एक शब्द म्हणायला हवा होता. सोपान जागच्या जागी थांबला असता. पण रफीकभाई टँकरवाला माणूस. त्यानं हॉर्न वाजवला. हॉर्न म्हणजे बाजूला हो, नाहीतर पुढं चाल. रस्ता एका टँकरपुरता, बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून सोपान पुढं चालत राहिला. आणि मंजुळानं सांगितल्याप्रमाणे चाल ठेवली ताशी बारा. मागं टँकरही ताशी बारा. सहा किलोमीटर हॉर्न वाजत होता.

सव्वासातला दोघं केंद्रावर पोचले. सोपान आधी, टँकर नंतर. सोपाननं चिंचेपासून ब्रेक लावला, दारात थांबला. दौलतरावांनी झाकण काढलं. पाणी नाही, मासा नाही, लोणी नाही. दूध होतं.

"सोपाना," दौलतराव म्हणाले, "अरे, टँकर तुझ्याकडं आला होता ना?"

"व्हय, दादा. तो आल्याबिगर हलायचं न्हवतं."

"तो दूध न्यायला आला होता!"

"मग मी आणलंच की. वेळेवर आणलं का न्हाई?"

दौलतरावांनी घड्याळ बघितलं. दूध बघितलं. बराच वेळ त्यांनी कशात खोट सापडते का ते शोधलं. मग ते आत जाऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "फेरी तुझीच. आता मला काही विचारू नको."

तेव्हापासून करंजटेकचं दूध कधी चुकलेलं नाही. रोज पहाटे एक मोठा टँकर रिकामा टेकडी चढून येतो. तो दिसला की सोपान निघतो आणि टँकर हॉर्न वाजवत रिकामाच त्याच्या मागून खाली जातो. पिशवीतले सदरे मंजुळानं परत खुंटीला लावले, फिजिक्सचं पुस्तक ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि ट्रंकेवर गुंडीचं सूप ठेवलं.

परवा सोपान फेरीवरून आला, घाम पुसत ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मंजुळे, तुझं ते पुस्तक जरा काढ."

मंजुळा ट्रंकेपुढं जाऊन उभी राहिली. "कशाला हो?"

"त्या रफीकभाईला एकदा त्वरण शिकव. रोज पावणेसातलाच निघतो बिचारा, पण एकदा माझ्या पुढं जाईल तर शपथ!"